ॲक्च्युअली माणसाची थोरवी

कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यात पाऊस कमी आणि भाषा उदंड. उमदी, संख, तिकोंडी या पूर्व भागात घरात कन्नड, तलाठ्यापुढं मराठी आणि द्राक्षं न्यायला आलेल्या परप्रांतीय व्यापाऱ्याशी हिंदी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला नवस कन्नडमध्ये बोलायचा आणि नवस बोलणाऱ्याचा सातबारा मराठीत निघायचा, यात कुणाला काही अवघड वाटत नाही. दोन्ही भाषा अभिजात. कन्नडला तो दर्जा 2008 मध्ये मिळाला, मराठीला 2024 मध्ये. एकाच चुलीपुढं दोन अभिजात भाषांत भाकरी मागता येते, असं सुख पुण्या-मुंबईच्या नशिबी नाही.

पण एवढं वैभव असलं की माणसाची पंचाईत होते. जे बोलावं ते समोरच्याला कळतं. कळलं की तो उलटा प्रश्न विचारतो, आणि मग उत्तर देणं आलं. या संकटातून ज्यानं वाट काढली, त्या ॲक्च्युअली माणसाचं कौतुक अजून कुणी नीट केलेलं नाही.

हा गृहस्थ ओळखायला सोपा. बोलायला सुरुवात 'ॲक्च्युअली'नं आणि शेवट 'दॅट इज माय ओपिनियन'नं. मधल्या मजकुरात क्रियापद आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांच्या मागून येतं, आणि 'द' हवा तिथं नसतो, नको तिथं ठाण मांडून असतो. ऐकणाराही त्याच शाळेत शिकलेला, त्यामुळं चूक काढायचा प्रश्न येत नाही. ती काढायला इंग्रज लागतो. डफळे सरकारांचं संस्थान होतं तेव्हा निदान पोलिटिकल एजंटाची धास्ती तरी होती. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि जतच्या इंग्रजीवरचा तो शेवटचा अंकुशही गेला.

हे ज्ञान वरून आलेलं आहे, हेही मान्य केलं पाहिजे. 2000 सालापासून महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. पाटीवर 'अ' गिरवायच्या आत पोरं 'ए फॉर ॲपल' म्हणू लागली. सफरचंद झाडावर लागलेलं तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं, डाळिंब बांधाबांधावर होतं. पण डाळिंबाला 'ए' लागत नाही, त्याला सरकार काय करणार? त्या पहिल्या तुकडीतली पोरं आता तिशी ओलांडून बसली आहेत आणि घरोघर त्यांचे बायोडाटे फिरत आहेत.

हे बायोडाटे वाचावेत असे असतात. वरती गणपती, खाली जन्मवेळ, उंची, जिरायती किती, बागायती किती, आणि मग 'हॉबीज' : रीडिंग, ट्रॅव्हलिंग, लिसनिंग म्युझिक. सगळ्या तालुक्याच्या हॉबीज त्याच, त्याच क्रमानं. हा मुलगा पहाटे उठून मेंढ्याला दूध पाजतो. मेंढा माडग्याळी, याच तालुक्यातल्या गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जातीचा. नाक पोपटासारखं बाकदार, कान लोंबते, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. नाकाचा बाक किती आणि ठिपका कुठं पडलाय यावर तो तासभर बोलू शकतो, आणि समोर जाणता माणूस असेल तर भांडूही शकतो. 2020 मध्ये जिल्ह्यातल्याच आटपाडीकडच्या सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही, ही बातमी पेपरात आली होती. एवढी जिवापाड हौस, पण बायोडाट्यात एक ओळ नाही. सोयरिकीत मेंढ्याचं नाव काढणं बरं दिसत नाही. खिलारांच्या शर्यतींचंही तसंच. त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी आणली. पण मुलीकडच्यांनी विचारलं तर आवड सांगायची ती रीडिंग. काय वाचता, असं पुढं कुणी विचारत नाही. हीच त्यातली सोय.

तंत्रज्ञानावरचं ओपिनियन ऐकायचं तर मात्र चहाच्या टपरीवर बसावं लागतं. तिथं एक अण्णा असतात. मोबाईलवर अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली की पडद्यावर एका वेळी चार शब्द मावतात, त्यामुळं आलेल्या मेसेजचे पहिले चार शब्द वाचून ते पुढं पाठवतात.

"एआय विल फिनिश ऑल जॉब्स, आय ॲम टेलिंग," अण्णा म्हणाले.

बाकावरच्या पोरानं विचारलं, "मग अण्णा, छाटणीला माणसं मिळंनात म्हणून बोंबलताय ते कसं?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "ॲक्च्युअली दॅट इज डिफरंट मॅटर."

पोरगं गप्प झालं. हाच प्रश्न कन्नडमध्ये निघाला असता तर मजुरी किती देता, गेल्या हंगामाची बाकी का ठेवली, इथपर्यंत गोष्ट गेली असती. इंग्रजीनं ती पाच शब्दांत मिटवली. पंचायतीलाही एवढ्या झटपट तंटा मिटवता येत नाही.

यंत्रांनीही या माणसाला कायम साथ दिली. गूगलच्या भाषांतरात कन्नड 2011 मध्ये आली आणि मराठी 2013 मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं जतचा माणूस गूगलला घरी असेपर्यंत कळायचा, कचेरीत गेला की कळायचा नाही. इंग्रजीच्या बाबतीत असं कधी झालं नाही. ती घरीदारी सारखीच कळत नव्हती.

आता काही लोक विचारतील, की मनातलं आपल्या भाषेत सरळ सांगायला काय होतं? सांगून पाहिलेलं आहे. 2012 मध्ये पाण्यासाठी पूर्व भागातल्या गावांनी ठराव केले, की म्हैसाळ योजनेचं पाणी देणार नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मराठीत ऐकलं तरी तेच, कन्नडमध्ये ऐकलं तरी तेच. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2022 मध्ये, कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तेच ठराव पुढं करून जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला. इकडून सांगण्यात आलं, ठराव जुने आहेत. ते जुनेच होते. तहानही तेवढीच जुनी होती. टीव्हीवाले आले, दोन्हीकडच्या अस्मिता जाग्या झाल्या, बसगाड्यांना काळं फासून झालं. भाषेवर एवढं बोलणं झालं की पाण्यावर बोलायला कुणाच्या घशात ओल उरली नाही.

त्याच महिन्याच्या 30 तारखेला चॅटजीपीटी आलं. ॲक्च्युअली माणसाच्या दृष्टीनं मोठी बातमी ही होती. पाण्यावर मत दिलं की कुठल्या बाजूचा, हे विचारलं जातं. एआयवर दिलं तर कुणी विचारत नाही, आणि ते इंग्रजीत दिलं तर माणूस थेट जागतिक होतो. टँकर आला की घागर घेऊन पळावं लागतं, तेवढा वेळ सोडला तर जागतिक राहायला अडचण नाही.

म्हणून 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला, एप्रिलात सरकारचा आदेश निघाला आणि जूनच्या अखेरीस मागं घेतला गेला, तेव्हा जतची चुळबुळ झाली नाही. इथलं पोर सहाव्या वर्षी दोन भाषांत भांडतं आणि तिसरीत सिनेमा बघतं. चौथी त्याला भांडायला नकोच आहे. ती शांततेसाठी आहे.

तेव्हा वाचकहो, जतला आलात तर अण्णांशी जरूर बोला. हवामान, क्रिकेट, ट्रंप, एआय, जो विषय काढाल त्यावर इंग्रजीत ओपिनियन मिळेल आणि चहाचे पैसे ते देऊ देणार नाहीत. फक्त बेदाण्याचा दर, छाटणीची मजुरी आणि तलावातलं पाणी यांबद्दल मराठीत किंवा कन्नडमध्ये काही विचारू नका. ते खरं सांगून टाकतील.