भाड्याची प्रशस्तता

तळोजा येथील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पर्यटनाचा अभ्यास करावयाचा झाल्यास प्रथम त्याच्या घराचे क्षेत्रफळ विचारात घ्यावे लागते. सिडकोने २०१८ साली काढलेल्या १४,८३८ घरांच्या सोडतीत तळोज्याचाही समावेश होता आणि तीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घराचे कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींची जाडी वगळून प्रत्यक्ष सतरंजी अंथरता येईल एवढी जागा, २५.८१ चौरस मीटर, अर्थात सुमारे २७८ चौरस फूट होते. चौघांच्या कुटुंबात माणशी साधारण ७० चौरस फूट येतात आणि त्यांतही फ्रीज, दिवाण व मुलांच्या सायकली यांचा अविभाज्य हिस्सा असतो. अशा कुटुंबास वर्षातून एकदा प्रशस्ततेची ओढ लागते आणि ती भागविण्यासाठी अलिबाग, नागाव, आक्षी, वरसोली या किनारपट्टीवर बंगले एका रात्रीच्या बोलीने मिळतात. (तळोज्यात मध्यवर्ती कारागृहही आहे, परंतु तेथील मुक्कामास भाडे नसल्याने तो या विवेचनाच्या कक्षेत येत नाही.)

या बंगल्यांच्या जाहिरातींची स्वतंत्र परिभाषा आहे. ‘सी-टच’ म्हणजे ज्याच्या गच्चीच्या एका विशिष्ट कोपऱ्यातून, शेजारची नारळाची झापे वाऱ्याने बाजूस झाली असता, समुद्र दिसतो तो बंगला, तर ‘वॉकिंग डिस्टन्स’ हे अंतर मालकाच्या पायांनी मोजलेले असून ते पाहुण्यांच्या पायांना लागू पडत नाही. समुद्राशी खरोखरीची जवळीक कायद्याला मानवत नाही, कारण १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध घातले. या निर्बंधांचा भंग करणारा, हिरे व्यापारी नीरव मोदी यांचा किहीम येथील बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला, तेव्हा ‘सी-टच’ या शब्दाची इतकी नेमकी अंमलबजावणी प्रथमच झाली असावी.

बंगल्याचे आरक्षण बारा जणांसाठी केले जाते. मात्र भाडे माणशी वाटून घ्यावयाचे असल्याने माणसे जितकी अधिक तितका भार हलका, हा हिशेब लवकरच सर्वांच्या ध्यानी येतो आणि कळंबोलीचे मेहुणे, ठाण्याची आत्या व आत्येच्या शेजारणीची कन्या असे करीत संख्या बावीसवर जाते. १,५०० चौरस फुटांच्या बंगल्यात बावीस माणसे उतरली म्हणजे माणशी ६८ चौरस फूट येतात, अर्थात तळोज्याहून थोडे कमीच. त्यातही वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत नीट चालत असल्याने रात्री साडेदहानंतर त्या खोलीतील घनता कोणत्याही गृहनिर्माण योजनेच्या निकषांना लाजविणारी ठरते आणि उर्वरित प्रशस्तता बाहेरच्या हॉलमध्ये डासांच्या ताब्यात राहते. जादा गादीचे तीनशे रुपये वाचविण्यासाठी दोन गाद्या आडव्या जोडून त्यांवर पाच जणांना निजविण्याचे जे कौशल्य येथे दिसते, ते सोडतीच्या घरातच कमावलेले असते.

समुद्राविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मुले तरणतलावात असतात, जेथे ‘नायलॉनचा पोशाख अनिवार्य’ ही पाटी सुती बनियनमधील काकांच्या पाठीमागे स्पष्ट वाचता येते. ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यात चालत जाण्याचा बेत न्याहारी लांबल्यामुळे भरतीस मिळतो.

वासाचा प्रश्न मात्र सविस्तर नोंदविला पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतील भटके कुत्रे अंगावर निळा रंग घेऊन हिंडू लागले, त्याचे मूळ कारखान्यातील रंगद्रव्यात सापडले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. अशा परिसरात मध्यरात्री खिडकीतून येणारा रासायनिक दर्प ‘आज जरा जास्तच आहे’ एवढ्या शेऱ्यावर सोडून देणारा गृहस्थ किनाऱ्यावर उतरताच वलांडीवरील सुकत्या बोंबलांच्या वासाने अस्वस्थ होतो आणि केअरटेकरकडे रीतसर तक्रार करतो. केअरटेकर म्हणजे बंगल्याची देखभाल करणारा माणूस. बऱ्याचदा ज्या वाडीवर बंगला उभा आहे ती वाडी एके काळी त्याच्याच आजोबांची असते. आगमनसमयी त्यास ‘दादा’ म्हणतात, सुरमई तळून आल्यावर ‘दादासाहेब’ आणि फुटलेल्या दोन काचेच्या पेल्यांचे पैसे अनामत रकमेतून वळते होऊ लागताच नुसते ‘अहो, ऐका जरा’.

सकाळी अकरा वाजता बंगला रिकामा करावा लागतो. पांढऱ्या कांद्याच्या माळा गाडीच्या टपावर बांधून मंडळी कार्लेखिंडीमार्गे परतीस लागतात आणि वडखळच्या कोंडीत अडकल्यावर सहलीचे रीतसर परीक्षण होते. जागा फारच अपुरी पडली, यावर एकमत होऊन पुढील खेपेस सहा बेडरूमचा बंगला पाहावा असा ठराव तेथेच संमत होतो आणि तो परवडावा म्हणून डोंबिवलीच्या साडूंना गाडीतूनच फोन लावून त्यांचे सात जण नक्की केले जातात.