वजनदार वधू पाहिजे

'मुलगी सडपातळ हवी हो,' असं ठणकावून सांगणाऱ्या काकूंच्या चिरंजीवांचं पोट त्यांच्याआधी उंबरा ओलांडून आत येतं. अशा समस्त काकूंना एकदा अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या माळावर नेऊन सोडावं, असं फार मनात आहे. तिथे मॉर्मन क्रिकेट नावाचा कीटक राहतो. रातकिड्याचा लांबचा नातलग, जाडजूड, पंख असून उडता न येणारा. नर ते पंख एकमेकांवर घासून गातो. कान पुढच्या पायांत.

१८४८ साली यांच्या झुंडींनी सॉल्ट लेक भागातल्या मॉर्मन पंथाच्या लोकांच्या शेतांवर ताव मारला, म्हणून हे नाव. एरवी पंथाबिंथाशी संबंध नाही. झुंड चालते ती प्रथिनं आणि मीठ शोधत, आणि 'थांबला तो संपला' हे तिथे अक्षरशः खरं असतं. थांबलेल्याला मागून येणारे भाऊबंद खातात.

अशा दुष्काळात नवरदेव मात्र डबा घेऊन येतो. समागमाच्या वेळी तो मादीला शुक्राणूंची पिशवी देतो आणि तिला जोडून प्रथिनांचा एक चिकट, पांढरट गोळा. मादी तो निवांत चघळत बसते, तेवढ्यात शुक्राणू आत पोचतात. या आहेराचं वजन नराच्या वजनाच्या २७ टक्क्यांपर्यंत जातं. मी बहात्तर किलोचा. म्हणजे साडेएकोणीस किलो! आमच्या लग्नातलं मंगळसूत्र ग्रॅमवर होतं, तरी मी ते अजून ऐकवतो.

एवढा खर्च करणारा पारखून घेणारच. डॅरिल ग्विन या कीटकशास्त्रज्ञाने १९८१ साली हा सगळा मामला मांडला. नराने जरा सूर लावला की भुकेल्या माद्या धावत येतात, आपसांत धक्काबुक्की करतात. जिंकलेली त्याच्या पाठीवर चढते, आणि बहुधा तिथेच तिचं वजन होतं. हलकी असली की नर अंग काढून घेतो आणि चालू लागतो. भारदस्त मादीच्या पोटात अंडी जास्त, एवढाच त्याचा पत्रिकेचा अभ्यास.

चारा मुबलक असला की मात्र पारडं फिरतं. तिथे नर गात बसतात आणि नखरे माद्या करतात.

हे मी चहा पिताना हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे घरात खायला भरपूर असलं की नवरे गातात," ती म्हणाली. "तुम्ही नुसतेच खाता."