फक्त फाउंडेशन राहिलंय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळी साडेनऊला लेथवाल्याच्या दारात एक माणूस हमखास उभा असतो. पायांत चप्पल, शर्टाच्या खिशात व्हर्निअर, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. लेथवाला त्याला लांबूनच ओळखतो आणि पोऱ्याला सांगतो, “मालक बाहेर गेल्यात म्हणून सांग.” हे तो इतक्या मोठ्यानं सांगतो की दारातल्या माणसाला पोऱ्याची गरज उरत नाही. तो हसत आत येतो, गठुडं सोडतो आणि म्हणतो, “जास्त नाही ओ, सूतभर घ्यायचंय.”

हे आण्णा. नाव, गाव, जात काही असो, पेट्रोलच्या जुन्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवणारा माणूस पन्नाशीनंतर आपोआप आण्णा होतो. सांगलीत आहे, कराडला आहे, निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडेही आहे. त्याला कसं काय चाललंय विचारा. “झालंच की. फक्त फाउंडेशन राहिलंय.” फाउंडेशन म्हणजे ज्यावर इंजिन बसतं ते रबरी बूड. त्याचं उत्तर गेल्या गणपतीतही हेच होतं.

आण्णांची गाडी महिंद्राची एफसी-150 पिकअप. अमेरिकेत विलीज कंपनीनं ती 1957 च्या मॉडेलसाठी काढली आणि पुढे महिंद्रानं आपल्याकडे बनवली. जीपचं नाक कापून चेहरा सपाट केला तर जे दिसेल ते म्हणजे एफसी. व्हीलबेस 81 इंच, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावर आणि इंजिन थेट केबिनमध्ये, दोन सीटच्या मधोमध, झाकणाखाली. घरात जशी आजी मधोमध बसते तसं. मूळ इंजिन पेट्रोलचं हरिकेन, 134 क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे 2.2 लिटर. त्याची तहान नावाला शोभेल अशीच. एका लिटरात सात-आठ किलोमीटर गेली तर आण्णांचे वडील चालत्या गाडीतच हात जोडत.

तेव्हा डिझेल बसवायचं ते पैसे वाचवायला. हा हिशेब आण्णांना तोंडपाठ आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या अंगणात चहा मिळत नाही. त्यांच्या दृष्टीनं इतिहासातलं सोनेरी वर्ष म्हणजे 2012. मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपये 18 पैसे झालं तेव्हा डिझेल 40 रुपये 91 पैसे होतं. पेट्रोलवर आठचं अ‍ॅव्हरेज, डिझेलवर तेराचं धरलं तर किलोमीटरमागे सहा रुपये वाचतात. आकडा बरोबर आहे, कुणीही मांडून बघावा. आण्णा मात्र इथंच थांबतात. पुढचा हिशेब त्यांच्या मेव्हण्यानं एकदा सिगारेटच्या पाकिटावर केला होता. इंजिन, रेडिएटर, लेथ, वेल्डिंग आणि मिस्त्रीचा चहा मिळून खर्च 1 लाख 20 हजार. म्हणजे 20 हजार किलोमीटर पळाल्यावर पैसे वसूल. गाडी पळते वर्षाला दीड हजार: उसाचं बी, जोतिबा आणि एखादं लग्न. एकूण तेरा वर्षं चार महिने. त्यात ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारनं डिझेलचेही भाव मोकळे सोडले आणि ते सोनेरी अंतर आटत गेलं. मेव्हणा त्या हिशेबापासून दिवाळीला दारातूनच फराळ देऊन जातो.

इंजिन कुठलं घ्यायचं हा प्रश्न आण्णांच्या मंडळात मुलीच्या लग्नाइतका चघळला जातो. एक पंथ ट्रॅक्टरवाल्यांचा. इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन महिंद्रानं खुद्द जीपमध्येच बसवलं होतं, त्यामुळे हा पंथ स्वतःला सनातन समजतो. वजनदार, संथ, पण बंद पडत नाही. दुसरा पंथ प्यूजोवाल्यांचा. एक्सडीपी 4.90 हे फ्रेंच घराण्याचं इंजिन महिंद्रानं परवान्यानं बनवलं. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर म्हणून 4.90, क्षमता 2112 सीसी. हा पंथ नाजूक बोलतो आणि हेड गॅस्केटचा विषय काढला की गप्प होतो. तिसरा पंथ आण्णांचा. ट्रॅक्सचं इंजिन. बजाज टेम्पोनं जर्मन परवान्यानं बनवलेलं हे ओएम 616 मुळात मर्सिडीजच्या 240 डी मोटारीतलं, जिच्या टॅक्स्या जर्मनीत वर्षानुवर्षं पळाल्या. एवढी माहिती आण्णांना पुरते. इंजिन त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून, एका ट्रॅक्सच्या पोटातून उचललं. पण पाहुण्यांना झाकण उघडून दाखवताना त्यांचा आवाज खाली येतो, देवघरात येतो तसा.

“मर्सिडीज आहे,” आण्णा म्हणतात.

पाहुणा एफसीच्या गंजलेल्या हौद्याकडे बघतो, हौद्यातल्या शेळीकडे बघतो आणि मान डोलावतो.

खरी मजा जोडणीत. ट्रॅक्सच्या इंजिनाचं तोंड एफसीच्या गिअरबॉक्सशी जुळत नाही. भोकं वेगळी, डॉवेल वेगळे, शाफ्टची लांबी वेगळी. मध्ये जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. सकाळी वर्तमानपत्रातून निघाली ती हीच. प्लेटीला एका बाजूनं इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सची, आणि अट एकच: क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा. केसभर चुकलं तर शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच धक्के देतो आणि थर्ड गिअर चढावर आपणहून सुटतो. मिस्त्री डायल गेज लावतो. काटा थरथरतो. आण्णा श्वास धरतात. मिस्त्री म्हणतो, “दहा पॉइंट बाहेर हाय.” आण्णा पुन्हा प्लेट गुंडाळतात आणि उद्यमनगरची वाट धरतात. या माणसाला घरात दुधाचा हिशेब लागत नाही, पण मिलिमीटरचा दहावा भाग त्याला झोपू देत नाही. गाडी कधी पूर्ण होणार असं विचारणाऱ्यांनी हे दृश्य एकदा बघावं. आण्णांच्या डोक्यात ती आधीच पूर्ण होऊन उभी असते.

मग एका रविवारी इंजिन सुरू करायचा मुहूर्त. डिझेलला स्पार्क प्लग नाही. हवा एकविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबायची, ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं. थंडीत आधी हीटर तापवायचा. पण लाइनीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर पंप नुसता कण्हतो. म्हणून एकजण हातपंप मारतो, दुसरा नोझलचे नट ढिले करतो आणि तिसरा, जो कुणाचा कोण हे कुणाला माहीत नसतं, तो सूचना देतो. “एअर हाय अजून.” अर्ध्या तासानं गाडी एकदम धडाडते, अंगण पांढरं होतं, शेजारच्यांचे कपडे काळे होतात आणि वैनी खिडकी लावून घेतात. आण्णा किल्ली काढून खिशात टाकतात, टाळ्या स्वीकारतात. गाडी चालूच. पेट्रोल गाडी किल्लीनं मरते. हे डिझेल पंपातून इंधन तोडल्याशिवाय मरत नाही. स्टॉपची वायर बसवायची राहिली होती. शेवटी मिस्त्रीनं हवेच्या तोंडावर फळी दाबली आणि जन्माला आलेली गाडी दुसऱ्याच मिनिटाला गुदमरून गेली.

पावसात आणखी एक शोध लागला. जुन्या वायपरची मोटर पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायची. डिझेलमध्ये तसा ओढा नसतो. आता वळिवात आण्णांचा पुतण्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून काच पुसतो. त्याला यंदा बारावी आहे.

कागदपत्रांचं विचारू नये, पण विचारलंच तर आण्णा कायदा वाचून दाखवतात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करू नये, मात्र वेगळ्या इंधनावर चालावी म्हणून इंजिनात केलेल्या बदलाला अटींवर वाट आहे. पूर्वार्ध ते झरझर वाचतात, उत्तरार्ध सावकाश, शब्द तोडून. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ तपशिलाचीच बाजू घेतली, तो दिवस आण्णांच्या घरी उपासाचा होता. आरसीवर इंधनापुढे अजून ‘पेट्रोल’ आहे. आण्णा त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणतात.

त्यांचा खरा वैरी मात्र आरटीओत नाही, पुण्यात आहे. विंटेज गाड्या मुळाबरहुकूम जपणारा, पांढऱ्या मोज्यांचा. तो म्हणाला, “आण्णा, तुम्ही इतिहास बिघडवलात.” तेव्हा आण्णांनी जन्माचं भांडवल बाहेर काढलं. विलीजनं 1953 मध्ये सीजे-3बी काढली ती कशी? जुन्या जीपमध्ये नवं हरिकेन इंजिन घातलं, ते उंच पडलं, म्हणून बॉनेट वर उचललं. तुम्ही ज्या उंच बॉनेटच्या जीपला हार घालता, तीच मुळी इंजिन बदललेली! शिवाय अमेरिकेत लोक पाव वाटणाऱ्या जुन्या व्हॅनमधून कमिन्सचं 3.9 लिटरचं इंजिन काढून फोर्ड आणि शेव्हरलेच्या पिकअपमध्ये घालतात, ते चालतं होय? मोजेवाला निरुत्तर झाला. आमच्या मते या मुद्द्यावर आण्णा शंभर टक्के बरोबर आहेत, फक्त हे त्यांना सांगायची सोय नाही.

एफसी आता चालते. ताशी साठाच्या पुढे डिफरन्शिअल रडतं, झाकणावर ठेवलेला डबा जेवणापर्यंत गरम राहतो आणि शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर गाडी थांबवावी लागते. आण्णा गेला महिनाभर जरा गप्प होते. परवा कागलजवळ एका गोठ्यात गवताखाली दुसरी एफसी दिसली. पेट्रोल, इंजिन जाम, मालक आठ हजार म्हणतोय. वैनींना अजून ठाऊक नाही. तुमच्याही परड्यात असली काही सपाट तोंडाची गाडी पडली असेल तर कृपा करून तिच्यावर ताडपत्री टाका, आणि पुतण्याची बारावी होईपर्यंत तरी काढू नका.