काका, मोजता कसली विमानं!

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. कुकर लावलाय? लागू दे, शिट्टी इथंही ऐकू येते. ऐकलंत का, आपल्या भिलाई स्टील प्लांटातले प्लेट मिलवाले काका आणि कोक ओव्हनवाले भाऊ, दोघांची बोलाचाल बंद! परवापरवापर्यंत संध्याकाळी तलावाच्या पाळीवर एकच शेंगदाण्याचा पुडा दोघांत. आता एक इकडून फिरायला जातो, दुसरा तिकडून. आणि कशावरून म्हणाल, तर ना पैशावरून, ना पोरांवरून. विमानांवरून!

त्रिपुरी पौर्णिमेला, 5 नोव्हेंबर 2025 ला, आपल्या लायनीतली सगळी वरात गेली होती ना नवा रायपूरला, सेंध तलावावर. छत्तीसगड राज्याला 25 वर्षं झाली म्हणून हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाचा शो होता. तुम्ही नाही आलात, तुमच्या नणंदबाई यायच्या होत्या म्हणे… असो, त्या आल्याच नाहीत हेही कळलं मला. तर काय सांगत होते, नऊ विमानं, लाल-पांढरी, पंखाला पंख लावून! गर्दीत माझी चप्पल तुटली ती वेगळीच. काका तर मान वर करून असे उभे, जणू त्यांच्याच घरची वरात चाललीय. तोपर्यंत सगळं छान होतं हो. परत येताना कुम्हारीच्या टोलनाक्यावर गाडी अडकली, आणि रिकामं डोकं… तुम्हाला माहितीच आहे.

काका म्हणाले, पाकिस्तानची काय बिशाद! बँकेतून रिटायर झालेल्या मामी पुढच्या सीटवर. त्यांना आकडे फार प्रिय. त्या लगेच, "2024 साली आपला संरक्षणाचा खर्च 86 अब्ज डॉलर, त्यांचा 10." काका फुलले! मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, जसं काही ते पैसे त्यांच्याच पीएफमधून गेले. तेवढ्यात भाऊ हळूच म्हणतात, "आणि चीनचा?" मामी प्रामाणिक बाई, म्हणाल्या, "314." अहो, काय चेहरा पडला काकांचा!

भाऊ तिथं थांबले असते तर आज दोघं एका पाळीवर असते. पण नाही. म्हणे, आपल्याला फायटरची 42 स्क्वाड्रन मंजूर आहेत, मिग-21 गेल्यावर उरल्यात 29. आता मिगचं नाव काकांसमोर काढू नये हे सेक्टर 2 मधल्या लहान पोरालाही ठाऊक. आपलं भिलाई रशियाच्या मदतीनं उभं राहिलं, मिगही तिकडचंच, त्यामुळे काकांना ते चुलतभावासारखं. 26 सप्टेंबरला चंदीगढला मिगला निरोप दिला, त्या दिवशी काकांनी टीव्हीसमोर उभं राहून सॅल्यूट केला. काकूंनीच सांगितलं मला. आणि तोंडाला पदर लावून हसल्यासुद्धा.

मग काका नेहमीच्या मुक्कामी आले. "विक्रांतला पोलाद कुणी दिलं? आम्ही!" आता हे खरंच आहे हं, आपल्या प्लेटा गेल्या त्या विमानवाहू जहाजाला. पण भाऊ म्हणाले, "बोकारो आणि राउरकेलानंही दिलं." झालं! गाडीत अशी शांतता, की टोलवाल्याची शिट्टी मोठी वाटली.

आणि तेव्हा मागून अम्मा बोलल्या. आपल्या केरळच्या अम्मा हो, अय्यप्पा मंदिराकडे राहतात त्या. सगळा रस्ता संत्री सोलत बसलेल्या. त्यांचा भाऊ एअरफोर्समध्ये होता, जमिनीवरचं काम, बिदरला. त्या म्हणाल्या, "गिनती से क्या होगा भैया? सिखाता कौन है, और किस पे सिखाता है, वो बोलो." वहिनी, मला तर पटलंच ते. इतकी वर्षं पुरुषमंडळी विमानं मोजतायत, पण त्यात बसणारं पोर कुठं शिकलं, हे कुणी विचारतं का?

अम्मांनी मग सगळं उलगडलं. आधी हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत छोटं पंख्याचं विमान, मग किरण जेट, मग बिदरला हॉक. आपण तलावावर बघितली ती हॉकच, शिकवायचीच विमानं. पण ती यायला किती काळ लागला? 1982 साली ला फोंटेन साहेबांच्या समितीनं सांगितलं, की फायटरवर बसवण्याआधी पोरांना एक चांगलं जेट शिकायला द्या. करार झाला 2004 साली! आणि बिदरला हॉक उभी राहिली 2008 साली. तोवर काय? लुना शिकलेल्या पोराला एकदम खाणीतल्या डंपरवर बसवायचं. मिगचा उतरायचा वेगच असला भयंकर, की… मी आपली ऐकत होते, अंगावर काटा.

मला तेव्हा पुण्याच्या कविता गाडगीळ आठवल्या. आठवतात ना? त्यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजीत, 2001 च्या सप्टेंबरात सुरतगढला रात्रीच्या उड्डाणात मिग-21 घेऊन गेला, तो परत आलाच नाही. वर दोष त्याच्याच माथी! आई गप्प बसली नाही. नवरा स्वतः एअरफोर्समधले निवृत्त अधिकारी, तरी दोघं मिळून भांडले, आणि पुढे पुण्यात वैमानिकांना शिकवायची संस्थाच काढली पोराच्या नावानं. मी गाडीत एवढंच म्हटलं. काकांनी खिडकीबाहेर बघितलं. भाऊंनीही. त्या एका मिनिटात दोघं पुन्हा बोलू लागले असते, पण मामींना राहवेना.

मामी म्हणाल्या, "आणि ते दीपक विमान? नवशिक्यांचं?" 2009 पर्यंत त्यात 19 वैमानिक गेले, मग ते बंद केलं, आणि स्वित्झर्लंडचं पिलाटस आलं ते 2013 साली. मधल्या काळात नवी पोरं सरळ किरण जेटवर. काका चिडून म्हणाले, "मग पाकिस्तानात काय शिकवतात, पतंग उडवायला?" भाऊ वाटच बघत होते! "रिसालपूरला त्यांची अकादमी. पहिलं मुश्शाक. आराखडा स्वीडनचा, पण बांधतात घरीच, आणि 2017 साली तुर्कस्तानलाही विकायचा करार केला. पुढे के-8, चीनबरोबर मिळून केलेलं." काकांच्या कपाळाची शीर अशी फुगली… भाऊ, अहो, शत्रूची विमानं एवढी पाठ असायची काय गरज!

पण एक सांगू? मला त्या रिसालपूरचं नाव ऐकून वेगळंच आठवलं. त्या अकादमीला आता असगर खान यांचं नाव आहे. हे असगर खान जन्मले जम्मूत, आणि फाळणीआधी आपले अर्जन सिंग आणि ते एकाच हवाई दलात. 1965 साली दोघं आपापल्या हवाई दलाचे प्रमुख असताना कच्छच्या रणात कुरबूर सुरू झाली, तर यांनी सरळ अर्जन सिंगांना फोन लावला, आपण दोघं विमानं बाहेर ठेवू या म्हणून. आणि ठेवली की त्या वेळी! एकाच लायनीत राहून आपले काका आणि भाऊ एक फोन करत नाहीत, बघा.

आणि त्याहून भारी तर अम्मांनी सांगितलेलं. 20 ऑगस्ट 1971, कराची. शिकाऊ पोरगा रशीद मिन्हास, वीस वर्षांचा, विमान घेऊन निघालाय, आणि त्याच विमानात चढून बसले मतिउर रहमान. हे कोण? तिथलेच शिकवणारे, पण बंगाली! त्यांना ते विमान भारतात न्यायचं होतं, बांगलादेशच्या लढाईसाठी. वरती काय झटापट झाली ते देवाला ठाऊक, विमान सरहद्द गाठण्याआधीच पडलं, दोघंही गेले. पोराला पाकिस्ताननं निशान-ए-हैदर दिलं, मास्तरांना बांगलादेशनं बीरश्रेष्ठ. दोन्ही देशांचा शौर्याचा सगळ्यात मोठा मान, आणि विमान एकच! मी म्हटलं अम्मा, हे सिनेमात घातलं तर लोक म्हणतील काहीही दाखवतात. अम्मांनी नुसती संत्र्याची फोड पुढे केली.

तर काय सांगत होते… हां, खरी मजा पुढेच. मामींची नात होती ना गाडीत, दहावीतली, कानात ते बोळे घातलेली. आम्हाला वाटलं गाणी ऐकतेय. कसली गाणी! बोळा काढून म्हणते, "आजोबा, फायटर उडवणाऱ्या मुली आधी कुणाकडे आल्या?" काका छाती काढून, "आपल्याकडे. अवनी चतुर्वेदी, आपल्या रीव्याकडची!" पोरगी म्हणते, "अवनी दीदी 2016 साली कमिशन झाली, 2018 साली जामनगरहून एकटीनं मिग-21 उडवलं. पण पाकिस्तानची आयेशा फारूक 2013 सालीच लढाऊ वैमानिक झाली होती. रिसालपूरहून मुली पायलट होऊन निघाल्या त्या 2006 साली." वहिनी, मी काय सांगू! एकटे काकाच नाहीत, भाऊसुद्धा गप्प! इतका अभ्यास केलेला माणूस, आणि ही ओळ त्याच्या वहीत नव्हती. काका भाऊंकडे बघतात, भाऊ काकांकडे, आणि त्या क्षणी मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. पण भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "प्लेट मिलमध्ये हे शिकवलं नसेल." गाडी थांबवून काका चरोद्याला उतरले हो! ऑटोनं आले घरी.

आता ऐका, हे कुणाला बोलू नका. त्या पोरीच्या बापानं नीटच्या फाउंडेशनची अख्खी फी भरून ठेवलीय. डॉक्टर करायचीय लेक, सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात. आणि हिनं ठरवलंय अकरावीला मॅथ्स आणि फिजिक्स. का, तर एनडीएच्या परीक्षेला एअरफोर्ससाठी ते लागतं. 2025 च्या मे महिन्यात खडकवासल्याहून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ना, त्यांचा फोटो तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आईला माहितीये. मामींना माहितीये. मला मामींनी सांगितलं, तेही शपथ घालून. आणि फॉर्म कधी निघतो, वय किती लागतं, उंची किती, हे सगळं तिला गुपचूप कोण शोधून देतंय, सांगा बरं? सकाळी भाऊ, आणि संध्याकाळी काका! दोघांनाही वाटतंय, की आपण एकटेच. बापाला पत्ता नाही. तुमच्या ह्यांची आणि त्याची शिफ्ट एकच ना? मग जरा जपून हं.