गूळ, गोणपाट आणि 65 मिलिमीटर

गोगलगायीला पर्जन्यमापक वाचता येत नाही, नाहीतर तिने आमच्यासाठी थोडी कळ काढली असती. चोवीस तासांत महसूल मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी. त्याखाली पडला तर नुसता पाऊस, आणि नुसत्या पावसाने कुणाचं वाटोळं होत नसतं, असं नुकसानभरपाईचा कागद म्हणतो. गोगलगायीला धो धो नकोच असतो. तिला झड लागते. मृगात ढेकळं तापायची आणि आषाढात सूर्याने तोंड दाखवायचं नाही, हे आता वरचेवरचं झालंय.

2022 च्या जुलैत अंबाजोगाई-केजकडे अगदी तिच्या पसंतीची हवा पडली. उन्हाळाभर मातीत दडून बसलेली शंखी बाहेर आली. सकाळी रानात जावं तर दोन पानांवरच्या सोयाबीनची तासंच्या तासं गायब, आणि मातीवर चकाकणारा चिकट माग.

मग सल्ला आला. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवा, संध्याकाळी रानात जागोजागी ठेवा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. सल्ला शास्त्राला धरून आहे, वाद नाही. पण थाट बघा! आमच्याकडे आता जावयालासुद्धा कुणी गूळपाणी विचारत नाही, आणि हिच्यासाठी तिन्हीसांजेला गोडाचं आमंत्रण, वर निजायला ओलं अंथरूण. बरं, एकटीदुकटी असती तर चाललं असतं. नर-मादी एकाच अंगात, एका खेपेला शंभरेक अंडी. एकरी किती ढेपी फोडायच्या? घरात चहा बिनसाखरेचा करून रानात पाक ओतायचा? आणि हातमोजे! फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उघड्या तोंडाने विष हुंगणाऱ्या गड्याला जन्मात कुणी हातमोजा दिला नाही, तो गोगलगायीला शिवताना घालायचा!

हिला खाणारा एक गडी होता, भारद्वाज. त्याचा संसार बांधावरच्या बोरी-बाभळीत. ते बांध आपणच जेसीबी लावून कोरले, काकरीभर रान वाढावं म्हणून. भावाभावांत कोर्टकचेऱ्या करून वाचवलेली ती काकरी गोगलगायीने पहिल्याच रात्री खाल्ली. याचा राग कुणावर काढायचा? हवामान बदललं म्हणून आभाळाकडे बोट दाखवणं सोपं असतं, कोयता आपल्याच हातात होता.

ओरड झाल्यावर मदत जाहीर झाली, खोटं कशाला बोला. तोवर कित्येकांची दुबार पेरणी उरकली होती. पण मदतीआधी पंचनामा, आणि पंचनाम्याला साहेब येणार दुपारी बाराला. गोगलगाय पडली रातपाळीवाली.

“गोगलगायी कुठंयत?”

“निजल्यात साहेब. रातच्याला या.”

“मग कारणाच्या रकान्यात काय लिहू?”

“पाऊस लिव्हा.”

“पाऊस 65 च्या आत आहे.”