धोटा उडाला

(स्थळ : भिवंडी. माणकोली ते अंजूरफाटा रस्त्यावरच्या एका गोडाऊनचा पोटमाळा. खिडकीतून खाली ट्रकांची रांग दिसते. ती हलत नाही. पात्रं तीन : गोडाऊनमालक शेठ, डोंबिवलीहून आलेला पटकथालेखक आणि शेठच्या वडिलांच्या काळापासून लूमच्या खात्यात असलेला मुकादम. चौथं पात्र शेठचा मोबाइल.)

शेठ : या लेखक, बसा. उशीर झाला.

लेखक : मोठागावचा पूल पाच मिनिटांत ओलांडला, शेठ. माणकोलीपासून इथपर्यंत यायला पाऊण तास गेला.

शेठ : पाऊण तास? मग लवकर आलात. मुकादम, चहा सांगा. हां, तर आपल्याला पिच्चर काढायचाय.

लेखक : अचानक?

शेठ : अचानक कसला! मालेगाववाल्यांनी काढले, आपण का नाय? तिकडं पण लूम, इकडं पण लूम. तिथल्या नासिर शेखनं २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. मग मालेगावच्या सुपरमॅनवर डॉक्युमेंटरी निघाली. आता २०२५ ला मुंबईवाल्यांनी त्या लोकांवरच अख्खा पिच्चर थिएटरात लावला. आणि भिवंडीचं नाव कधी येतं? तर वाहतूककोंडीच्या बातमीत.

लेखक : पण त्यांची जिद्द बघा ना. सायकलवर बसून ट्रॉली शॉट घेतले, बैलगाडीची क्रेन केली.

शेठ : बैलगाडी आपली पण हाय, शर्यतीची. क्रेन करायला मिळणार नाय. बैलाच्या खुराकात तुमचे दोन हिरो बसतील.

मुकादम : सुपरमॅन झालेला तो पोरगा लूमवर कामाला होता, साहेब. पाळी करायची आणि मग उडायचं. आमच्याकडं पाळी झाल्यावर माणूस फक्त आडवा होतो.

लेखक : बरं, पिच्चर कसला काढायचा?

शेठ : भाचा बोलला, क्राइम कॉमेडी. म्हणजे चार गोष्टी एकदम चालू, त्या एकमेकीत घुसतात, शेवटी सगळे एका ठिकाणी येऊन एकमेकांना ठोकतात. आणि सगळं कसं फास्ट!

लेखक : फास्ट?

शेठ : फास्ट.

लेखक : (खिडकीतून खाली बघत) भिवंडीत?

शेठ : का, काय झालं?

लेखक : समजा, चोर वंजारपट्टी नाक्यावरून बॅग घेऊन पळाला. मागे पोलीस. दोघंही कल्याण नाक्यावर अडकले. आता दोघांच्या मध्ये एक कंटेनर आणि दोन रिक्षा. पुढचा सीन काय लिहू?

शेठ : वडापाव.

लेखक : पाठलागात?

शेठ : चोर वडापाव घेणार, पोलिसाकडं सुट्टे नसणार, चोर त्याचे पण देणार. मग दोघांची वळख निघते, एकाच गावचे. अहो, अशीच माणसं भेटतात इथं. माझं लग्न राजनोलीच्या कोंडीत जमलं. सासऱ्यांची गाडी आमच्या टेम्पोला घासली होती.

(मोबाइल वाजतो.)

शेठ : हां, बोल रे. कुठं? माणकोलीच्या पुलाखाली? किती वेळ? बरं, बस तिथंच. (मोबाइल ठेवत) बस तिथंच काय, दुसरं करणार काय तो. आपला टेम्पो अडकलाय. मेव्हण्याच्या पोरीची आज काल्हेरला हळद हाय. डीजेचे स्पीकर त्यातच आहेत.

लेखक : हळद किती वाजता?

शेठ : स्पीकर पोचतील तेव्हा. तुम्ही बोला. असले पिच्चर चालतात का, ते सांगा.

लेखक : चालतात म्हणजे! ‘देल्ही बेली’ घ्या, २०११ चा. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे आपल्या रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा.

शेठ : काय सांगता! घरंदाज माणसं. मग पिच्चर सोज्वळ असेल.

लेखक : त्यात असं होतं बघा. तस्करीच्या हिऱ्यांचं एक पाकीट असतं. ते गुंडाकडे पोचवायचं असतं. एका पोराला रस्त्यावरचं खाऊन जुलाब लागलेले असतात, तो पाकीट दुसऱ्याला देतो. सोबत डॉक्टरकडे तपासायला द्यायचं आपलं... ते पण देतो.

शेठ : ते म्हणजे?

लेखक : ते म्हणजे तेच, शेठ. बाटलीत.

शेठ : (चहाचा कप खाली ठेवतो) बरं.

लेखक : दुसरा दोन्हींची अदलाबदल करतो. हिरे डॉक्टरकडे आणि बाटली गुंडाकडे.

शेठ : गुंड उघडतो?

लेखक : समोर टेबलावर ओततो. हिरे पडतील म्हणून.

शेठ : (बराच वेळ गप्प) सीमाताईंनी बघितला असेल का हो?

मुकादम : हे मात्र आमच्याकडं रोज होतं, शेठ. ताका एका व्यापाऱ्याचा, जातो दुसऱ्याच्या गाडीत. फक्त ती बाटली नसते.

लेखक : तेच तर! या पिच्चरांत एक वस्तू असते, ती हातोहात फिरते. विशाल भारद्वाजच्या ‘कमीने’त गिटार फिरते, तिच्यात कोकेन. ‘शोर इन द सिटी’त लोकलमधनं उचललेली बॅग, तिच्यात हत्यारं, आणि बाहेर गणपतीचे ढोल. ‘हेराफेरी’त तर वस्तूसुद्धा नाही, नुसता राँग नंबर. खंडणीचा फोन भलत्याच घरी येतो आणि घरमालक निघतो बाबूराव गणपतराव आपटे.

शेठ : ‘कमीने’ माहिताय. थिएटरपर्यंत गेलो होतो, टाळं होतं.

लेखक : स्वाइन फ्लू! १४ ऑगस्ट २००९. त्याच शुक्रवारी पिच्चर लागला आणि त्याच शुक्रवारपासून मुंबईतली थिएटरं तीन दिवस बंद. त्याची मूळ गोष्ट भारद्वाजनी केनियाच्या एका लेखकाकडून चार हजार डॉलरला विकत घेतली होती.

शेठ : चार हजार डॉलर! आणि तुम्ही डोंबिवलीहून येऊन एकावन्न हजार मागता?

लेखक : शेठ, त्यापेक्षा खूपच कमी झाले की हे.

शेठ : कमी हाय का? मग ठीक. तुमचा ॲडव्हान्स निघालाय घरून, येतोय.

मुकादम : साहेब, एक बोलू? तुम्ही सांगताय ते आम्हाला नवीन नाही. तुमची ती चार गोष्टीतली माणसं म्हणजे ताणा. बीमावर ताणलेली असतात, शेजारी शेजारी, एकमेकांना कधी शिवत नाहीत. गिटार म्हणा, बॅग म्हणा, तो झाला धोटा. तो इकडून तिकडं, तिकडून इकडं पळतो, पोटात बाण्याची कांडी घेऊन. तो गेला की सगळे धागे एकत्र बांधले जातात. धोट्याला माहीत नसतं आपण काय विणतोय.

लेखक : (वही काढत) परत सांगा. सावकाश.

मुकादम : त्यात फास्ट फक्त धोटा असतो. ताणा जागच्या जागी, फक्त खाली-वर. तुम्ही सगळ्यांनाच पळवायला बघताय म्हणून कोडं पडलंय. कंटेनर उभा राहू दे, रिक्षा उभ्या राहू दे. वस्तू पळाली पाहिजे.

शेठ : बघा! आपला मुकादम! ह्याला पण पाटीवर घेऊ, कथा म्हणून.

लेखक : आणि मुकादम, मध्येच एखाद्या माणसाला विसरलो तर? असल्या पिच्चरात होतं तसं. सुरुवातीला एक बाई दिसते, नंतर तिचं काय झालं, लेखकालाही माहीत नसतं.

मुकादम : बाणा तुटला तर लूम थांबतो. ताण्याचा एक धागा तुटला तर साधा लूम थांबत नाही. कापड निघत राहतं आणि त्यात लांबच लांब एक फट येत जाते. कारागिराची नजर पाहिजे. सहा लूम एकटा बघतो तो. एकीकडं कांडी संपते, दुसरीकडं धागा जातो, आणि त्याला सहाही आवाजांतून चुकीचा आवाज कळतो.

लेखक : याला आमच्याकडे दिग्दर्शक म्हणतात.

मुकादम : आमच्याकडं त्याला मीटरवर पैसे देतात.

(मोबाइल वाजतो.)

शेठ : बोल. कोण आलेला? भाचा? बाइकवर? खोका मघाशीच वॉचमनकडं दिला ना, मग वर पाठवायला सांग. (मोबाइल ठेवतो.) आला बघा तुमचा ॲडव्हान्स. भाचा लय हुशार. टेम्पो अडकला म्हणून बाइक फटीतून काढली, टेम्पोतला खोका उचलला, गेटवर वॉचमनकडं दिला.

लेखक : खोका?

शेठ : मिक्सरचा. रोकड अशी उघडी कशी पाठवायची? भाचा बोलला, मामा, पिच्चरात पण पैसे असेच जातात. म्हणून एका मिक्सरच्या खोक्यात एकावन्न हजार घातले, वरून चिकटपट्टी.

लेखक : एका म्हणजे? दुसरा पण आहे?

शेठ : दुसऱ्यात मिक्सर. हळदीचा आहेर.

(शांतता. लेखक वही बंद करतो.)

लेखक : शेठ, भाच्यानं कोणता उचलला?

शेठ : ...जड असेल तर मिक्सर. पोरगा हुशार हाय.

मुकादम : मिक्सर उचललेला नाही त्यानं आयुष्यात. जड काय, हलका काय, त्याला काय कळणार?

(शेठ मोबाइल लावतो.)

शेठ : वॉचमन, खोका अजून वर नाय आला. कुठं ठेवलास? ...कुठं? ...अरे, तो रिटर्नचा नव्हता! ...कुणी सांगितलं तुला? (मोबाइलवर हात ठेवून) लेखक, खाली आपल्या भाडेकरूचा ऑनलाइनचा माल असतो. लोकांनी परत केलेले मिक्सर नागपूरला जातात. वॉचमननं खोका बघितला, चिकटपट्टी वरची उघडून परत लावलेली, त्याला वाटलं परत आलेला. टाकला ट्रकात.

लेखक : आणि ट्रक?

शेठ : निघाला. अर्धा तास झाला.

लेखक : नागपूरला!

शेठ : थांबा, घाबरता कशाला? पैसे त्याच खोक्यात आहेत असं कुठं हाय? टेम्पोतल्या खोक्यात पण असतील. टेम्पो पुलाखालीच हाय.

(मोबाइल वाजतो. शेठ स्पीकर चालू करतो. मागून डीजेचा दणका ऐकू येतो.)

शेठ : अरे, हळद तिथंच चालू केली काय?

मोबाइल : शेठ, पोरं कंटाळली, म्हणून जनरेटरवर स्पीकर चेक करतायत. दोन रिक्षावाले पण नाचायला उतरलेत. वडापाववाल्याची चटणी संपली होती, तर आपला मिक्सर...

शेठ : उघडलास खोका? काय निघालं? मिक्सर?

मोबाइल : मिक्सर, शेठ. भारी चालतो. चटणी झाली पण.

(शेठ मोबाइल बंद करतो.)

मुकादम : म्हणजे पैसे नागपूरला.

लेखक : (उठून) माझे पैसे! त्या ट्रकात मिक्सर किती?

शेठ : असतील दोन-तीनशे. सगळे सारखे. बघा, कसं फिट बसलं! टेम्पोची एक गोष्ट, हळदीची एक, भाच्याची एक, वॉचमनची एक. आणि धोटा तो खोका. लिहून घ्या, लिहून घ्या!

लेखक : शेठ, मी आता लेखक नाही. मी फिर्यादी आहे.

शेठ : मग तर क्राइम पण झाला. बाकी राहिली कॉमेडी.

मुकादम : ती झालीये. साहेबांना अजून कळली नाही.

लेखक : ट्रक कुठे पोचला असेल? पडघा? शहापूर? (मोबाइल काढत) मी पोलिसांना...

शेठ : पोलीस कशाला? इकडं या, खिडकीपाशी. तो बघा, हिरवी ताडपत्री.

लेखक : कुठे?

शेठ : वडाच्या झाडाखाली. आपल्या गेटपासून चौथा.

लेखक : अर्ध्या तासात चार गाड्या?

शेठ : म्हणूनच बोलतो, भिवंडीत चोरी करायला डोकं लागतं. मुंबईत माल उचलला की गायब. इथं उचलला तर मालकाच्या डोळ्यांसमोर तासभर उभा. माझे वडील बोलायचे, या रस्त्यावर सोन्याची लगड ठेवा, नेणारा नेईल, पण अंजूरफाट्याच्या पुढं नाय.

लेखक : मी खाली जातो.

शेठ : बसा हो! पळताय कुठं? चहा घ्या दुसरा. निवांत जाऊ, ड्रायव्हरला सांगू, खोके उतरवू. एवढ्या वर्षांत हा रस्ता दुपारी चारला हललेला मी बघितला नाय. शेवटाचं सांगा. असल्या पिच्चरात शेवट कसा असतो?

लेखक : सगळे एकत्र येतात. ‘कमीने’त सगळ्या टोळ्या एका घरासमोर, आणि गोळीबार. ‘जाने भी दो यारो’मध्ये तर प्रेत घेऊन सगळे महाभारताच्या नाटकात घुसतात. तो १९८३ चा, सुमारे सात लाखांत झालेला.

शेठ : सात लाखांत! ते प्रेत धरून?

लेखक : प्रेताचं काम सतीश शाहनी केलं.

शेठ : मग आपला शेवट हळदीत. टेम्पो, ट्रक, वॉचमन, भाचा, सगळे काल्हेरला. वर डीजे. गोळीबार नको, हळद फेकू. कपड्यांचा खर्च तेवढा वाढेल.

मुकादम : पण धोटा शेवटी कुणाकडं जातो, साहेब?

लेखक : कुणाकडेच नाही, मुकादम. तीच गंमत असते. ज्यांनी पळापळ केली त्यांच्या हाती काही लागत नाही.

मुकादम : आमच्याकडं कधी कधी धोटा लूममधून सुटतो. बाहेर उडतो, गोळीसारखा. समोर असेल त्याला लागतो.

लेखक : मग काय करता?

मुकादम : बाजूला होतो.

(खालून एकदम पन्नास हॉर्न. ब्रेकचे फुसकारे. शेठ आणि लेखक खिडकीकडे धावतात. रांग हलते.)

शेठ : आयला! सुटला रस्ता!

लेखक : हिरवी ताडपत्री! शेठ, वळतोय तो!

शेठ : अहो, उभे काय राहिलात? पळा! मुकादम, भाच्याला बाइक काढायला सांगा!

मुकादम : भाचा नाही. मिक्सर आणायला गेला, काल्हेरला द्यायचा म्हणून. टेम्पोकडं.

(लेखक जिन्यावरून धडधडत उतरतो. अर्ध्या वाटेवर चहावाला वर येतोय. कपांचा खणखणाट.)

शेठ : (खिडकीतून ओरडत) लेखक! ओ लेखक! वही राहिली तुमची!