बाजा विषयवार लावा

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांच्या गप्पांना शिस्त नाही म्हणे. मग बाजा विषयवार वाटून टाका: डिझेलची एक, टोलची एक, टायरची एक. अडचण चिरीमिरीची. ती एका बाजेवर मावत नाही, सगळीकडे पाय पसरते. आणि झोपेला बाज दिली, तर चर्चाच संपली!

ट्रकच्या पाठीवरचा ‘हॉर्न ओके प्लीज’ हा विषय राज्याने २०१५ सालीच बंद केला. ट्रकांना अजून कळलेले दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मात्र सगळ्या बाजांवर एकच विषय होता: जीवघेणा अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. संपाने पंप कोरडे पडू लागले, तेव्हा सरकार चर्चेला बसले. १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली, ती याच शिक्षेचे कलम १०६(२) तेवढे बाजूला ठेवून.